पेसकार आणि गणक : सोलापूरच्या नक्षीचा हातापासून संगणकापर्यंतचा प्रवास

१. प्रश्नाचे स्वरूप

आरेखन करणाऱ्या माणसाच्या हातातील पेन्सिल गेली आणि तिच्या जागी संगणक आला, ही घटना आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत घडली. वास्तुशिल्पकाराच्या कचेरीत पूर्वी तिरपा ड्रॉइंग बोर्ड असे. त्यावर टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर, ट्रेसिंग कागद, शाईचे पेन आणि चुकलेली रेघ खरवडून काढण्यासाठी दाढीचे पाते अशी सामग्री असे. एक जिना चार फूट सरकवायचा म्हटले तरी त्याच्याशी संबंधित सगळे नकाशे पुन्हा काढावे लागत. अमेरिकेत इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही प्रणाली तयार करून पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ काढता येते हे दाखवून दिले. १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ हे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि त्यानंतर भारतातील कचेऱ्यांतूनही ड्रॉइंग बोर्ड हळूहळू निघून गेले. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूप या स्थित्यंतराचा साक्षीदार म्हणता येईल. वास्तुशिल्पकार शिवदान मल यांच्या आराखड्यानुसार त्याचे काम १९७८ मध्ये सुरू झाले, तेव्हा ऑटोकॅडचा जन्मही झालेला नव्हता. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तोपर्यंत आरेखनाचे साधन बदलून गेले होते.

हा बदल केवळ वास्तुशिल्पापुरता मर्यादित नाही. जेथे जेथे वस्तू घडविण्यापूर्वी तिचे रूप कागदावर ठरविले जाते, तेथे तेथे तो घडला. सोलापूर हे विणकरांचे नगर आहे. इमारतीला जसा नकाशा, तशी चादरीला नक्षी. आणि ही नक्षीसुद्धा कागदावरून संगणकात गेली. प्रस्तुत लेखात या सोलापुरी स्थित्यंतराचा विचार करावयाचा आहे. ‘हाताचे काम’ आणि ‘बुद्धीचे काम’ यांमध्ये आपल्या समाजाने जी भिंत बांधली, तिच्या संदर्भात या स्थित्यंतराचा अर्थ काय, हा आपला मुख्य प्रश्न आहे. पालि वाङ्मयात या प्रश्नावर विचार करण्यास पुरेसे साहित्य आहे आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात त्याचे उत्तर शोधण्याची दिशा आहे.

२. वस्त्रांचा प्रदेश

सोलापूरच्या परिसराचा वस्त्रांशी असलेला संबंध आजचा नाही. बार्शीच्या पलीकडे, धाराशिव जिल्ह्यात असलेले तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचा उल्लेख आहे आणि तेथून साधे कापड, मलमलीचे विविध प्रकार भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. त्याच तेरमध्ये उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले, आणि तेथील त्रिविक्रम मंदिर ही मुळात चैत्यगृहाच्या धर्तीची अर्धवर्तुळाकार पाठ असलेली वास्तू आहे, हे अभ्यासकांना परिचित आहे. कापडाच्या व्यापाराचा मार्ग आणि धम्माचा मार्ग या प्रदेशात एकमेकांना लागूनच गेलेले दिसतात.

महाराष्ट्राच्या लेण्यांतही विणकर आहे. नाशिक येथील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा जो दानलेख आहे, त्यात भिक्खूंच्या चीवरांसाठी दिलेली रक्कम गोवर्धन येथील दोन ‘कोलिकनिकायां’कडे, म्हणजे विणकरांच्या श्रेणींकडे, कायम ठेव म्हणून ठेवल्याचे सांगितले आहे. एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण, दुसरीकडे एक हजार. पहिलीचे व्याज दरमहा शेकडा एक, दुसरीचे शेकडा पाऊण. ज्या समूहाकडे राजकुळ आपले द्रव्य विश्वासाने ठेवते, व्याजाचा हिशेब सोपविते, तो समूह केवळ हात चालविणारा नव्हता. तो गणन करणाराही होता. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

आधुनिक सोलापूरचा इतिहास सर्वश्रुत आहे. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि तिला पुढे ‘जुनी मिल’ हे नाव रूढ झाले. तेलंगणातून आलेले पद्मशाली, तसेच साळी, कोष्टी आदी विणकर समाज हातमागावर आणि नंतर यंत्रमागावर वस्त्रे विणत राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. परंतु यंत्रमाग टिकले आणि सोलापुरी चादर हे नाव देशभर पोहोचले. भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा कायदा २००३ मध्ये अंमलात आल्यानंतर ज्या वस्तूंची आरंभी नोंदणी झाली, त्यांत सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांचा समावेश आहे.

३. चौकटीच्या कागदावरील नक्षी

या चादरीचे वैशिष्ट्य म्हणजे तिची विणलेली नक्षी. ती छापलेली नसते. धागा उचलून आणि धागा दाबून ती कापडातच उभी केली जाते. अस्सल जॅकार्ड चादर दोन्ही अंगांनी पांघरता येते. एका अंगाला जो रंग जमिनीचा, तोच दुसऱ्या अंगाला फुलाचा होतो. अशी नक्षी विणण्यासाठी कोणत्या क्षणी कोणता उभा धागा वर उचलायचा, हे आधीच ठरवावे लागते. हे ठरविणारा माणूस म्हणजे डिझायनर.

त्याचे काम पुढीलप्रमाणे चाले. प्रथम साध्या कागदावर मोर, वेल, फूल किंवा भौमितिक आकृती हाताने काढावयाची. नंतर ती चौकटीच्या कागदावर, म्हणजे ग्राफ पेपरवर, मोठी करून उतरवावयाची. या कागदावरील प्रत्येक उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा आणि प्रत्येक आडवी ओळ म्हणजे धोट्याची एक फेरी. जेथे धागा उचलायचा ती चौकट रंगवायची, जेथे नाही ती कोरी ठेवायची. समजा, एका नक्षीच्या आवर्तनात ४०० उभे धागे आणि ६०० आडव्या फेऱ्या असतील, तर डिझायनरला २,४०,००० चौकटींचा निर्णय करावा लागे. वळणदार वेल चौकटीत बसविताना तिच्या कडेला पायऱ्या पडतात. त्या पायऱ्या डोळ्याला खुपू नयेत म्हणून कोणती चौकट भरायची आणि कोणती सोडायची, हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या सरावानेच येई. शिवाय धागा फार लांबवर मोकळा सुटला तर तो वापरात अडकून तुटतो. म्हणून रंगवलेल्या भागातही योग्य अंतरावर बांधणीचे ठिपके द्यावे लागत. चित्रकाराची नजर आणि विणकराचे गणित अशा दोन विद्या त्या एका माणसात एकत्र नांदत.

ग्राफ पूर्ण झाला की प्रत्येक आडव्या ओळीसाठी एक, याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रे पाडली जात. वरील उदाहरणात ६०० पुठ्ठे लागतील. ते क्रमाने दोरीने ओवून त्यांची माळ मागावरील जॅकार्ड यंत्रावर चढविली जाई. जेथे छिद्र असेल तेथे सुई आत शिरते आणि धागा उचलला जातो. जेथे पुठ्ठा सलग असेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. छिद्र आहे किंवा नाही, एवढ्या दोनच अक्षरांत सगळी नक्षी लिहिलेली असे. एक छिद्र चुकीच्या जागी पडले, तर तो दोष प्रत्येक आवर्तनात, प्रत्येक चादरीत उमटत असे. म्हणून माळ मागावर चढण्यापूर्वी ग्राफ आणि पुठ्ठे ताडून पाहणे हेही जबाबदारीचे काम असे.

संगणक आल्यावर ही साखळी बदलली. हाताने काढलेले चित्र स्कॅन करून पडद्यावर घेता येऊ लागले, रंगांची संख्या कमी करता येऊ लागली, प्रत्येक रंगाला कोणती वीण द्यायची हे एका आज्ञेने ठरविता येऊ लागले. मोकळा सुटलेला लांब धागा सॉफ्टवेअर स्वतःच शोधून दाखवू लागले. चादर विणण्यापूर्वीच ती कशी दिसेल हे पडद्यावर पाहता येऊ लागले. ग्राफसाठी लागणारे कित्येक दिवसांचे काम काही तासांवर आले. ब्रिटनमधील बोनस कंपनीने १९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड जगासमोर आणल्यानंतर तर पुठ्ठ्याचीही गरज उरली नाही. संगणकातील माहिती सरळ मागाला देता येऊ लागली. तथापि अशी यंत्रे महाग असतात. त्यामुळे नक्षी संगणकावर काढायची आणि ती पुन्हा पुठ्ठ्यावर पंच करून जुन्या जॅकार्डवर चढवायची, ही मधली अवस्था सोलापूरसारख्या लहान कारखानदारांच्या नगरीत दीर्घकाळ राहिली.

४. पुठ्ठ्यातून जन्मलेला संगणक

येथपर्यंतची हकिगत वाचून असे वाटेल की, बुद्धिमान संगणकाने मागासलेल्या मागावर उपकार केला. इतिहास मात्र याच्या नेमका उलट आहे.

फ्रान्समधील लिऑन शहरात रेशमी नक्षीचे कापड विणताना पूर्वी मागाजवळ एक सोबती, बहुधा लहान मुलगा, बसवीत आणि तो सांगितल्या क्रमाने दोऱ्या ओढी. आपल्याकडे बनारसमध्येही नक्शबंद कारागीर धाग्यांच्या जाळ्यात नक्षी बांधून ठेवीत आणि मागावर तशाच दोऱ्या ओढल्या जात. लिऑनमध्ये बासिल बूशों याने १७२५ मध्ये छिद्रे पाडलेल्या कागदाची युक्ती काढली. तिच्यात सुधारणा होत होत १८०४ मध्ये जोसेफ मारी जॅकार्ड याने पुठ्ठ्यांच्या माळेवर चालणारे यंत्र सिद्ध केले आणि दोऱ्या ओढणाऱ्या मुलाची त्या श्रमातून सुटका झाली. इंग्लंडमधील गणितज्ञ चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणकयंत्राला आज्ञा देण्यासाठी हेच पुठ्ठे स्वीकारले. सुमारे २४,००० पुठ्ठ्यांच्या साहाय्याने रेशमात विणलेली जॅकार्डची तसबीर तो आपल्या घरी पाहुण्यांना दाखवीत असे. त्याची सहकारी एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये या यंत्रावर जे टिपण लिहिले, त्यात माग जशी फुले-पाने विणतो तसे हे यंत्र बीजगणित विणील, अशा आशयाची तुलना केली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलेरिथ याने छिद्रांकित पत्त्यांवर माणसांची मोजदाद केली आणि पुढे कित्येक दशके संगणकाला माहिती देण्याचे साधन छिद्रांकित पत्ता हेच राहिले.

आणखी एक गोष्ट फारशी परिचित नाही. आयबीएम कंपनीतील जॅनिस लूरी या महिलेने १९६० च्या दशकात कापडाची नक्षी संगणकावर काढण्याची प्रणाली तयार केली. १९६८ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात प्रेक्षकांनी पडद्यावर काढलेली नक्षी मागावर विणून दाखविण्यात आली. म्हणजे वास्तुशिल्पकारांच्या हाती ऑटोकॅड येण्याच्या १४ वर्षे आधी विणकामाचे आरेखन संगणकावर झालेले होते. धागा उचलणे आणि न उचलणे हेच संगणकाच्या एक आणि शून्याचे पूर्वरूप आहे. सोलापूरच्या मागावर लोंबणाऱ्या पुठ्ठ्यांच्या माळेकडे ‘जुने तंत्र’ म्हणून पाहणाऱ्याने हे विसरू नये. संगणक सोलापुरात आला तेव्हा तो आपल्या आजोळी आला होता.

५. विनयातील शिल्पांची प्रतवारी

आता पालि वाङ्मयाकडे वळू. विनयपिटकातील पाचित्तिय विभागाचा दुसरा नियम ‘ओमसवाद’, म्हणजे टोचून बोलणे, या दोषाविषयी आहे. जात, नाव, गोत्र, कर्म, शिल्प इत्यादी कारणांवरून कोणी भिक्खू दुसऱ्या भिक्खूचा अपमान करील, तर तो दोषास पात्र होतो. या नियमाच्या विवरणात शिल्पांचे दोन वर्ग सांगितले आहेत. हीन शिल्पांत नळकार म्हणजे बुरूड, कुंभकार, पेसकार म्हणजे विणकर, चम्मकार आणि नहापित यांची शिल्पे आहेत. उत्कृष्ट शिल्पांत मुद्दा, गणना आणि लेखा, म्हणजे बोटांवरील हिशेब, मोजदाद आणि लेखन, ही तीन आहेत.

या यादीकडे वरवर पाहणारा म्हणेल की, बौद्ध वाङ्मयानेही विणकराला हीन ठरविले. परंतु दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की, दोन्ही याद्यांच्या अखेरीस त्या त्या जनपदात जे शिल्प अवमानित असेल किंवा जे सन्मानित असेल तेही त्या त्या वर्गात धरावे, असे सांगितले आहे. म्हणजे हीनपणा शिल्पाच्या अंगी नसून लोकांच्या दृष्टीत आहे, तो प्रदेशागणिक बदलतो, हे विनयकाराला ठाऊक आहे. त्याने समाजाची प्रतवारी नोंदविली. तिला धम्माची मान्यता दिली नाही. दुसरी गोष्ट अशी की, ही यादी अपमान करण्यास मनाई करण्यासाठी दिलेली आहे. शिव्यांची यादी शिवी देऊ नये म्हणून केलेली असते. ज्याच्या मागे पेसकाराचे घर होते आणि ज्याच्या मागे गणकाचे घर होते, ते दोघेही संघात केवळ दीक्षेच्या ज्येष्ठतेने बसत.

या यादीच्या प्रकाशात आपले स्थित्यंतर पाहिले म्हणजे त्याचे खरे स्वरूप कळते. पेसकाराचे शिल्प एका वर्गात आणि गणना-लेखा दुसऱ्या वर्गात, अशी विभागणी समाजाने अडीच हजार वर्षे चालविली. प्रत्यक्षात चौकटीच्या कागदावर अडीच लाख चौकटींचा हिशेब करणारा सोलापुरी डिझायनर एकाच वेळी पेसकारही होता आणि गणकही. जगातील सर्वांत प्रतिष्ठित गणनयंत्राला आज्ञा कशी द्यावी, हे पेसकाराच्या मागाने शिकविले. म्हणून हाताच्या आरेखनाकडून संगणकाच्या आरेखनाकडे जाणे ही हीन शिल्पाकडून उत्कृष्ट शिल्पाकडे झालेली बढती नव्हे. विणकराचे गणन आधीपासून तेथे होतेच; आतापर्यंत ते मोजले जात नव्हते, एवढेच.

६. आरेखन नेमके कोठे असते?

संगणकामुळे कला मेली, अशी खंत अनेक जुने कारागीर व्यक्त करतात. ती उपेक्षणीय नाही. परंतु कला हातात असते की अन्यत्र, याचा निर्णय आधी केला पाहिजे.

महावग्गाच्या चीवरखंधकात एक प्रसंग आहे. राजगृहाहून दक्खिणागिरीकडे जाताना तथागतांनी मगधातील शेते पाहिली. बांधांनी आखलेली, लांबरुंद पट्ट्यांची, चौकाचौकांत सांधलेली ती शेते दाखवून त्यांनी आनंदाला विचारले की, भिक्खूंसाठी अशा रचनेची चीवरे करता येतील काय? आनंदाने तशी चीवरे करून दाखविली. तेव्हा भगवंतांनी आनंदाची प्रशंसा केली ती शिवणकामासाठी नव्हे. थोडक्यात सांगितलेले त्याने विस्ताराने जाणले, लांब पट्टी कोणती, आखूड पट्टी कोणती, मधला खंड कोणता हे ठरविले, यासाठी त्याला पंडित म्हटले. भिक्खूच्या अंगावरील चीवर हा अशा रीतीने चौकटींत आखलेला एक नमुना आहे. शेताचा आराखडा कापडावर उतरविण्याची ती कृती आणि मोराचे चित्र ग्राफवर उतरविण्याची कृती एकाच जातीची आहे.

दुसरा संदर्भ सिंहलद्वीपातील महावंसाचा. दुट्ठगामणी राजाला भिक्खुसंघासाठी नऊ मजल्यांचा लोहपासाद बांधावयाचा होता. त्याने संघाकडे नकाशा मागितला. तेव्हा आठ अर्हंत देवलोकी जाऊन तेथील प्रासाद पाहून आले आणि मनोशिळेच्या तांबड्या रंगाने त्यांनी त्याचे चित्र एका वस्त्रपटावर काढून राजाकडे धाडले, अशी कथा आहे. पुढे महास्तूपाचा आकार विचारला असता स्थपतीने पाण्याने भरलेल्या सोन्याच्या पात्रात हाताने पाणी टाकून बुडबुडा उठविला आणि असा स्तूप करीन, असे सांगितले. कथेतील अद्भुत अंश बाजूला ठेवला तरी एवढे निश्चित दिसते की, इमारत उभी राहण्यापूर्वी तिचे रूप दाखविण्याची गरज त्या काळी पूर्णपणे ओळखलेली होती. आणि ते रूप दाखविण्यास कधी वस्त्र, कधी पाणी, जे साधन हाताशी असेल ते चालत होते.

संयुत्तनिकायाच्या खंधवग्गातील एका सुत्तात तर हा प्रश्न तत्त्वाच्या पातळीवर सोडविला आहे. ‘चरण’ नावाच्या चित्रपटाचा दाखला देऊन तथागत सांगतात की, ते चित्र चित्तानेच रेखाटलेले असते आणि चित्त त्या चित्राहूनही विचित्र, म्हणजे विविधरूपी, आहे. अट्ठसालिनीत यावर अधिक विवेचन आहे : येथे हे रूप असावे, तेथे ते असावे, असा संकल्प प्रथम चित्रकाराच्या मनात उठतो आणि मग रेखणे, रंगविणे या क्रिया होतात. या दृष्टीने पाहिले तर पेन्सिल आणि संगणक ही दोन्ही बाह्य साधने आहेत. आरेखन संकल्पात आहे.

मात्र यातून साधनाला काहीच महत्त्व नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. चित्त आणि साधन परस्परांवर परिणाम करतात. दोन लाख चौकटी हाताने भरणाऱ्याला प्रत्येक चौकटीमागचा धागा माहीत होत असे. सॉफ्टवेअरच्या एका आज्ञेने वीण भरणाऱ्या नवशिक्याला तो माहीत होईलच, असे नाही. पडद्यावर सुंदर दिसणारी नक्षी मागावर सैल पडते, ती याच अज्ञानामुळे. म्हणून शहाणपणाचा मार्ग असा की, नव्या विद्यार्थ्याने आधी एक तरी छोटा नमुना ग्राफ कागदावर स्वतः रंगवावा, मागाजवळ उभे राहून धागे उचलले जाताना पाहावेत, आणि मग संगणकाला हात घालावा. वास्तुशिल्पाच्या शिक्षणातही हाताने काढलेल्या रेखाटनाचे स्थान याच कारणाने टिकून आहे.

७. यंत्र आणि समाजरचना

या स्थित्यंतरात खरा पणाला लागलेला प्रश्न वेगळाच आहे. नक्षीची विद्या आजवर कोणाच्या हाती होती आणि यापुढे कोणाच्या हाती जाणार?

मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात प्रवेश नव्हता. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो, म्हणून अस्पृश्याने स्पर्शिलेला धोटा आपल्या तोंडाला लागेल, हे कारण स्पृश्य कामगार पुढे करीत. विणाई खात्यात वेतन अधिक होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय उघडपणे मांडला आणि संपनेत्यांना तो प्रश्न मागण्यांत घ्यावा लागला. माग यंत्रावर चालू लागला होता, पण विटाळ तसाच होता. सोलापुरात तर तथाकथित ‘गुन्हेगार जमातीं’च्या लोकांना तारेच्या कुंपणातील सेटलमेंटमध्ये ठेवून गिरणीत कामाला लावले जाई, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. यंत्र हाताशी आले म्हणजे मनुष्य आपोआप मुक्त होतो, ही समजूत सोलापूरच्या इतिहासाने खोटी ठरविली आहे.

याचा अर्थ यंत्र नको, असा मात्र बाबासाहेबांनी कधीही घेतला नाही. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांनी दाखवून दिले. १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. यंत्रामुळे माणसाला पशुवत् कष्टांतून मोकळीक मिळते, फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती संभवत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. यंत्रापासून जे अनर्थ होतात त्यांचा दोष यंत्राचा नसून खाजगी मालमत्तेला पवित्र मानणाऱ्या चुकीच्या समाजरचनेचा आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

हीच कसोटी आपण नक्षीच्या संगणकाला लावू. हाताची विद्या बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून ओळखीच्या शागिर्दाकडे जात असे. ज्याच्या घरी माग नाही, ज्याची ओळख नाही, त्याला ती मिळणे दुरापास्त होते. सॉफ्टवेअर शिकणाऱ्याची जात विचारीत नाही, हे खरे आहे. तथापि सॉफ्टवेअरला परवान्याचे मूल्य असते, वर्गाला शुल्क असते, पडद्यावरील आज्ञा बहुधा इंग्रजीत असतात. जुने कुंपण तुटते तेथेच नवे कुंपण पडण्याचा धोका असतो. जानेवारी १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. शाळेचे दार कायद्याने उघडले असले तरी राहण्या-जेवण्याची सोय नसेल तर ते बंदच असते, हे त्यामागील सूत्र होते. संगणकाच्या बाबतीतही तेच सूत्र लागू पडते.

दुसऱ्या बाजूला, ज्यांचा हात थांबला त्यांचा विचार झाला पाहिजे. पुठ्ठे पंच करणारे, ग्राफ रंगविणारे कारागीर कोणत्याही निरोपाशिवाय निरुपयोगी ठरले. त्यांचे ज्ञान सॉफ्टवेअरच्या आज्ञांत विरघळून गेले आणि त्याचा मोबदला त्यांना मिळाला नाही. त्यांपैकी ज्याला नवे साधन शिकविले गेले, तो अल्पावधीत उत्तम संगणक-डिझायनर होऊ शकतो. कारण संकल्प त्याच्याकडे आधीच आहे, शिकावयाची आहे ती केवळ आज्ञा. जुन्या माणसाला डावलून नव्याला घेण्यात कारखानदाराचेही नुकसान आहे.

८. नावाचा प्रश्न

शेवटचा मुद्दा कर्तृत्वाच्या नोंदीचा आहे. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात कण्हाचा शिष्य बालक याने आपण घडविलेल्या मूर्तीवर आपले नाव कोरले आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी आपल्या कामाची नोंद केली आहे. संघाच्या वास्तूंवर दात्याप्रमाणेच शिल्पीलाही आपले नाव लिहिता येत होते.

सोलापुरी चादरीच्या कोपऱ्यावर कारखान्याचे नाव असते. नक्षी ज्याने काढली त्याचे नाव कोठेही नसते. भौगोलिक निर्देशनाचा कायदा गावाच्या नावाचे रक्षण करतो. डिझाइनविषयक २००० चा कायदा नोंदलेल्या नमुन्याला दहा आणि वाढवून एकूण पंधरा वर्षे संरक्षण देतो. परंतु मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या नमुन्याचा हक्क काढणाऱ्याकडे न राहता काढून घेणाऱ्याकडे जातो. संगणकामुळे तर नक्षीची नक्कल क्षणात होते. पूर्वी दुसऱ्याची नक्षी चोरायची तरी अडीच लाख चौकटी मोजाव्या लागत. आता बोटाच्या टोकाएवढ्या साठवणीत शेकडो नक्ष्या खिशात घालून नेता येतात. ज्या संगणकात हे चौर्य सोपे झाले, त्याच संगणकात प्रत्येक नक्षीच्या नोंदीसोबत ती काढणाऱ्याचे नाव आणि वर्ष लिहून ठेवणे तितकेच सोपे आहे. त्याला खर्च येत नाही. फक्त इच्छा लागते.

म्हणून सोलापुरातील आपल्या संस्थांनी, विहारांनी आणि शिक्षकांनी दोन कामे हाती घेण्यासारखी आहेत. पहिले, जुन्या डिझायनरांच्या घरी आणि कारखान्यांच्या माळ्यावर पडून असलेले रंगवलेले ग्राफ आणि पुठ्ठ्यांच्या माळा रद्दीत जाण्यापूर्वी गोळा करणे आणि त्यांवर, ते हयात असतील तर त्यांनाच विचारून, काढणाऱ्यांची नावे लिहिणे. दुसरे, मुलामुलींसाठी मराठीतून, परवडेल अशा शुल्कात आरेखनाचे वर्ग चालविणे आणि तेथे शिकविण्यासाठी त्याच जुन्या कारागिरांना बोलाविणे. विनयकाराने पेसकार आणि गणक यांची नावे वेगवेगळ्या याद्यांत नोंदविली, कारण त्याच्या काळच्या समाजाने ती तशी ठेवली होती. आपल्या काळची यादी लिहिण्याचे काम आता आपल्याकडे आहे.